हप्त्याची वही

कल्याण सुटलं की कर्जतच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. इथल्या एका ओळखीच्या घरात फ्रिजवर शंभर पानी वही असते. दूध, गॅस, लोकलचा पास, क्लासची फी. आणि सगळ्यांत वर, लाल शाईत, घराचा हप्ता. महिनाअखेरीला आमटी पातळ होते, पण हप्ता चुकत नाही.

अशा घरांना ‘अंथरूण पाहून पाय पसरा’ असं सांगितलेलं मला सहन होत नाही. पाय पोटाशी घेऊनच झोपतात ही माणसं. अंथरूणच आखडलं आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि त्यामागोमाग घरकर्जाचे दरही चढले. २० वर्षांसाठी घेतलेल्या २० लाखांच्या कर्जाचा हप्ता ७ टक्के दराने साधारण १५,५०० रुपये. तोच दर साडेनऊ झाला, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच १५,८०० च्या वर जातं! कोथिंबिरीची जुडी टाळून हा खड्डा भरत नाही.

पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला, मुदत मात्र नकळत लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला ठरवू द्या. तेव्हा वहीशेजारी कर्जाचा उतारा ठेवा आणि किती हप्ते उरलेत ते नवरा-बायकोने मिळून वाचा.

त्या घरातल्या वहिनींनी दिवाळीचा बोनस मुद्दलात भरला. हप्त्याखाली आता पेन्सिलीने उरलेले महिने लिहिलेले असतात.