वास्तवाभास आणि अस्सलता

लष्करी जीवनाच्या चित्रपटीय चित्रणाची चर्चा करताना वास्तवाभास आणि अस्सलता यांची अनेकदा गल्लत होते. जे. पी. दत्ता दिग्दर्शित 'बॉर्डर' (१९९७) १९७१ ची लोंगेवालाची लढाई दाखवतो. वाळवंट, गणवेश, शस्त्रे हे सारे वास्तवाभास निर्माण करते. परंतु पडद्यावर हौतात्म्य पत्करणारे सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड प्रत्यक्षात त्या लढाईतून वाचले. त्यांचे निधन २०२२ मध्ये झाले. प्रश्न केवळ तथ्यभंगाचा नाही. करुणरसासाठी मृत्यू अपरिहार्य मानला, की जगून उरलेला सैनिक कलेच्या कक्षेबाहेर जातो. याउलट नाना पाटेकर दिग्दर्शित 'प्रहार' (१९९१) कल्पित कथेतून जायबंदी होऊन नागरी जीवनात परतलेल्या सैनिकाचे काय होते, हे विचारतो. अस्सलतेचा निकष तपशिलात नव्हे, तर सैनिकाच्या जगण्याशी राखलेल्या इमानात शोधावा लागतो.