आरसेप सोडला, पण सुटे भाग सुटले का?

उन्हाळ्यात नरसी नामदेवला मावशीकडे गेलो होतो. मावसभावाने नुकताच नवा फोन घेतला होता. खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ लिहिलेलं. काका ओसरीवर बसून मोबाइलवर सोयाबीनचा भाव बघत होते, मागे हळदीच्या पोत्यांची थप्पी.

भाऊ म्हणाला, “दादा, फोन इथंच बनतो म्हणतात, मग एवढा महाग कसा? बाहेरचा माल सरळ येऊ द्यायला पाहिजे.”

काकांनी मान वर न करताच विचारलं, “आन् बाहेरचं तेल सरळ येऊ दिलं, तर आपल्या सोयाबीनला कोण इचारतंय?”

दोघांचं भांडण मिटवायला मला आरसेपची गोष्ट सांगावी लागली. तीच आज तुम्हाला सांगतो.

आरसेप म्हणजे काय?

पूर्ण नाव ‘प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी’. आसियानचे 10 देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अशा 15 देशांचा हा व्यापार करार. जगाचं साधारण 30 टक्के उत्पन्न या गटात येतं. 2012 मध्ये बोलणी सुरू झाली तेव्हा आपणही टेबलावर होतो. सात वर्षं बोललो आणि 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये पंतप्रधानांनी सांगितलं की भारत सहभागी होणार नाही. बाकीच्यांनी नोव्हेंबर 2020 मध्ये सह्या केल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून करार लागू झाला.

म्हणजे ब्रिटन जसा युरोपीय संघाचा सदस्य राहून बाहेर पडला तसं आपलं झालं नाही. आपण लग्न ठरल्यावर, अक्षता पडायच्या आत मांडवातून उठलो. नात्यातला अवघडलेपणा मात्र तसाच.

फोनचा यात काय संबंध?

बराच आहे. वाटाघाटींत शुल्ककपात 2014 च्या दरांपासून मोजायची असं धरलं होतं. 2014 मध्ये मोबाइल फोनवर आपलं मूळ आयात शुल्क शून्य होतं. पुढे देशात कारखाने यावेत म्हणून सरकारने जुलै 2017 मध्ये ते 10 टक्के केलं आणि फेब्रुवारी 2018 पर्यंत 20 टक्क्यांवर नेलं. 2014 हे वर्ष कायम राहिलं असतं तर ही भिंत पाडावी लागली असती. भारत 2019 हे वर्ष मागत होता.

दुसरा वाद ‘मूळ देशाचे नियम’ यांचा. कोणताही फोन एका देशात बनत नाही. स्क्रीन एकीकडची, मेमरी दुसरीकडची, जोडणी तिसरीकडे. आरसेपमध्ये बऱ्याच वस्तूंसाठी 40 टक्के मूल्य गटातल्या देशांत तयार झालं की तो माल गटाचा धरला जातो. चीनची स्क्रीन, कोरियाची मेमरी आणि व्हिएतनाममधली जोडणी असा फोन कमी शुल्कात सीमा ओलांडू शकतो. भारताला भीती होती की चीनचा माल दुसऱ्या देशाच्या नावावर आत येईल. म्हणून सप्टेंबर 2020 पासून आपण आपल्या जुन्या करारांतही नियम कडक केले. माल खरंच त्या देशात बनला, याची माहिती आता आयातदाराने जवळ ठेवायची.

बाहेर राहून काय मिळालं, काय नाही?

मिळालं ते आधी. शुल्काची भिंत होती, त्यावर 2020 मध्ये उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आली आणि फोनची जोडणी भारतात वाढली. 2024-25 मध्ये आपण सुमारे 24 अब्ज डॉलरचे स्मार्टफोन निर्यात केले. जुलै 2024 मध्ये तयार फोनवरचं शुल्क 15 टक्क्यांवरही आणलं.

आता दुसरी बाजू. 2019-20 मध्ये चीनशी आपली व्यापार तूट 49 अब्ज डॉलरच्या आसपास होती. 2024-25 मध्ये ती 99 अब्ज डॉलरवर गेली. करार नाही तरी तूट दुप्पट! कारण फोन इथं जोडला तरी स्क्रीन, बॅटरीचे सेल, कॅमेऱ्याचे भाग आणि ते जोडायची यंत्रं यांतलं बरंचसं चीनमधूनच येतं. चिपसारख्या अनेक भागांवर तर जागतिक माहिती तंत्रज्ञान करारामुळे शुल्कच नाही. समोरचं दार लावलं, पण मागचं दार आपल्याच कारखान्याला हवं होतं. भावाच्या खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ लिहिलंय ते खोटं नाही, पण अर्धीच गोष्ट सांगणारं आहे.

एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीला परवाने लावले तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांना पुरवठ्याची चिंता लागली. गटात नसलो तरी त्याच्या सर्वात मोठ्या सदस्याचा निर्णय आपल्यापर्यंत पोचतोच.

ब्रिटनचंही बघा. 31 जानेवारी 2020 ला त्याने युरोपीय संघ सोडला. त्यानंतर तिथल्या अनेक मोबाइल कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगचे पैसे पुन्हा लावले. डिसेंबर 2024 पासून संघाने नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं केलं. लंडनवर तो कायदा चालत नाही, तरी फोन तोच येतो, कारण कंपन्या दोन वेगळे फोन बनवत बसत नाहीत. शेवटी मे 2025 मध्ये ब्रिटनला संघाबरोबर बसून नवं जुळवून घ्यावं लागलं.

आणि काकांचं सोयाबीन?

आरसेपबाहेर राहिल्याने दुधाला मोठा दिलासा मिळाला. न्यूझीलंडच्या स्वस्त दूध पावडरीची भीती टळली. सोयाबीनला मात्र ती भिंत नव्हतीच. इंडोनेशिया आणि मलेशिया आसियानमध्ये आहेत आणि आसियानशी आपला करार 2010 पासून आहे. शिवाय आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यामुळे सरकार एकीकडे शेतकरी बघतं, दुसरीकडे किराणा दुकानातला भाव. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, मे 2025 अखेर पुन्हा 10 टक्के.

गंमत म्हणजे शुल्क वाढवूनही त्या हंगामात सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 टक्के, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला जगात उठाव नसेल तर तेलावरचं शुल्क एकट्याने भाव ओढू शकत नाही.

मागे ठेवलेल्या हळदीचं गणित तिसरंच. हळद पिकवण्यात आणि निर्यातीत भारत जगात पहिला. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपली हळद घेणाऱ्या देशांत मलेशियाही आहे. इथं आपल्याला दुसऱ्याचं दार उघडं हवं असतं.

बघा, एकाच घरात तीन वस्तू. फोन स्वस्त हवा, तेल अडवायला हवं, हळद बाहेर जायला हवी. कुठलाही एक करार तिघांनाही खूश करणार नाही.

मग परत जायचं का?

दार उघडं आहे. बाकीच्या देशांना करार लागू झाल्यावर 18 महिने थांबायचं होतं, भारताला तीही अट नव्हती. नोव्हेंबर 2024 मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीच आपण आत असायला हवं असं मत मांडलं. वाणिज्य मंत्र्यांचं म्हणणं उलट आहे: आरसेप म्हणजे चीनशीच मुक्त व्यापार. मधला मार्ग म्हणून आपण एकेकाशी वेगळं बोलतो. ऑस्ट्रेलियाशी करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला आणि न्यूझीलंडशी बोलणी पूर्ण झाल्याचं डिसेंबर 2025 मध्ये जाहीर झालं, तेही दूध बाहेर ठेवून.

माझं मत विचाराल तर 2019 चा नकार मला पटतो. 2014 चे दर मान्य केले असते तर आजचे फोनचे कारखाने उभे राहणं अवघड होतं. पण त्या नकाराने आपल्याला विकत घेऊन दिला तो फक्त वेळ. तो वेळ जोडणीत वापरला, सुट्या भागांत फारच कमी. आणि तेलाचं शुल्क आठ-नऊ महिन्यांत वर-खाली झालं, तर पेरणीच्या वेळी काकांनी कशाच्या भरवशावर ठरवायचं?

हे बोलून झालं तेव्हा भाऊ नव्या फोनवर शुल्काची अधिसूचना कुठे मिळते ते शोधत होता. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर त्या कुणालाही वाचता येतात. काका म्हणाले, “सापडली की मला बी दाखव. औंदा किती सोयाबीन अन् किती हळद, ते ठरवायचंय.”