तळं खुलं होतं, सोर्सकोडही खुला आहे



आज विषय जरा आडवाटेचा आहे. संगणकातला ‘शेल’ नावाचा प्रोग्राम सोर्सकोडपासून स्वतः बांधून कसा बसवायचा, आणि हे आंबेडकरी पोरापोरींनी निदान एकदा तरी का करावं, यावर मला लिहायचं आहे. आरक्षण, ॲट्रॉसिटी, पुनर्विकास सोडून हे काय नवीन, असं ज्यांना वाटेल त्यांनी किमान परिशिष्ट-२ चा मुद्दा येईपर्यंत वाचावं. मग हवं तर भांडावं.

शेल म्हणजे काय? काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करतात, तो पडदा तुम्ही सिनेमात पाहिला असेल. तिथे आपण लिहिलेली कमांड वाचणारा, तिचा अर्थ लावणारा आणि यंत्राच्या गाभ्याकडून, म्हणजे कर्नलकडून, ते काम करून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. सगळ्यात प्रसिद्ध शेलचं नाव ‘बॅश’. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी तो ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि पुढे अनेक वर्षं चेट रॅमी यांनी सांभाळला. त्याआधी युनिक्सवर स्टीफन बोर्न यांचा ‘बोर्न शेल’ होता, म्हणून याचं नाव गमतीने ‘बोर्न अगेन शेल’ ठेवलं, म्हणजे पुन्हा जन्मलेला. आत्मा आणि पुनर्जन्म न मानणाऱ्या आपल्या लोकांना १४ ऑक्टोबर १९५६ मुळे हा विनोद बाकीच्यांपेक्षा लवकर कळावा.

आता परिशिष्ट-२.

घाटकोपर पूर्वेचं माता रमाबाई आंबेडकर नगर आपल्या सगळ्यांच्या मनात ११ जुलै १९९७ या तारखेसह कोरलेलं आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, रस्त्यावर उतरलेली माणसं, राज्य राखीव पोलीस दलाचा गोळीबार, दहा मृत्यू. आज तीच वस्ती पुनर्विकासाच्या फेऱ्यात आहे, आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, तिकडे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत अशा कितीतरी वस्त्या आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनात कुटुंबाचं भवितव्य एका यादीवर येऊन ठेपतं, ती यादी म्हणजे परिशिष्ट-२. १ जानेवारी २००० आधीचा पुरावा असेल तर मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. बाकीचे अपात्र. तीन पिढ्यांचं राहणं एका रकान्यातल्या ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ या शब्दावर ठरतं.

प्रारूप यादी येते, हरकती जातात, मग अंतिम यादी येते. नावं शेकड्यांनी, कुठे हजारांनी. मधल्या मध्ये कोणाचं नाव गळलं, कोणाच्या नावापुढचा शब्द बदलला, हे शोधायला आपले कार्यकर्ते दोन्ही कागद समोरासमोर ठेवून, हातात पट्टी घेऊन रात्र रात्र बसतात. मीही बसले आहे. आणि नेमक्या अशाच रात्री एखादा ‘जाणकार’ एजंट वस्तीत फिरतो आणि ‘तुमचं नाव बघून देतो’ म्हणून पैसे घेतो.

याच दोन याद्या साध्या मजकुराच्या स्वरूपात हाती असल्या तर शेलमध्ये ‘सॉर्ट’ या कमांडने दोन्ही क्रमवार लावायच्या आणि ‘कॉम’ या कमांडला द्यायच्या. पहिलीत आहे पण दुसरीत नाही अशी प्रत्येक ओळ क्षणात पडद्यावर येते. ‘ग्रेप’ने एकाच आडनावाच्या, एकाच गल्लीच्या सगळ्या नोंदी वेगळ्या निघतात. ही छोटी छोटी हत्यारं एकमेकांना जोडायचं काम शेल करतो. एका कमांडचं आउटपुट नळातून वाहिल्यासारखं दुसरीत सोडतात, म्हणून त्या जोडणीला ‘पाइप’ म्हणतात. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून ती युनिक्समध्ये आली. पाण्याच्या पाइपसाठी वॉर्ड ऑफिसात मोर्चे काढलेल्या आपल्या आयाबायांना हा शब्द शिकवावा लागणार नाही.

यात जादू काही नाही, हेही सांगते. यादी स्कॅन केलेली असेल तर आधी कोणीतरी ती टाइप करावी लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर अक्षरांचा काला हाती येतो. एका यादीत ‘कांबळे’ आणि दुसरीत ‘कांबळें’ असेल तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं. त्यामुळे शेवटची नजर माणसाचीच लागते. पण ती नजर दोन हजार ओळींवरून चाळीस ओळींवर येते, आणि एजंटचा धंदा बसतो.

कोणी विचारेल, शेल तर लिनक्समध्ये तयारच मिळतो, मग सोर्सकोडपासून बांधायची हौस कशाला? प्रश्न बरोबर आहे. रोजच्या वापरासाठी तयार पॅकेजच घ्यावं, तेच शहाणपणाचं. तरीही तीन प्रसंगी ते पुरत नाही.

विहारातल्या अभ्यासिकेत दान म्हणून आलेले संगणक आठवा. कंपन्यांनी टाकून दिलेले, दहा-पंधरा वर्षं जुने. उबुंटूने २०१७ साली १७.१० या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठीची डेस्कटॉप प्रत काढणं बंद केलं. अशा यंत्रांवर जी जुनी आवृत्ती बसवलेली असते तिला पुढे नवी पॅकेजं येत नाहीत. नवीन शेल हवा तर तो बांधणं हा उरलेला मार्ग.

दुसरा प्रसंग कॉलेजच्या लॅबचा. तिथे तुम्हाला ॲडमिनचा पासवर्ड कधीच मिळत नाही आणि ‘सरांना विचार’ हे उत्तर मिळतं. सोर्सकोडपासून बांधताना मात्र प्रोग्राम कुठे बसवायचा ते आपण ठरवतो. स्वतःच्या होम फोल्डरात बसवला तर कोणाच्या परवानगीची गरज नाही, फक्त कंपायलर तिथे आधीपासून असला पाहिजे. लॅबचे नियम आडवे येत नसतील तिथे हे खुशाल करा. चोरी करा असं मी सांगत नाही.

तिसरा प्रसंग सुरक्षेचा. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमध्ये ‘शेलशॉक’ नावाची मोठी चूक सापडली. तिच्यामुळे बाहेरचा माणूस दुसऱ्याच्या सर्व्हरवर स्वतःच्या कमांड चालवू शकत होता. स्तेफान शाझलास यांनी ती शोधली तेव्हा ती जवळजवळ पंचवीस वर्षं जुनी होती! सोर्सकोड सगळ्यांसाठी खुला होता, कोणीही वाचू शकत होतं, आणि पंचवीस वर्षं ती ओळ तिथेच बसून होती. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे.

कारण असंच काहीसं आपल्या इतिहासात घडलेलं आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, पण पाण्याला हात लावायला कोणी गेलं नव्हतं, जाऊ दिलं नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह चालत गेले आणि ओंजळीत पाणी घेतलं, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. बॅश ज्या ग्नू जीपीएल परवान्याखाली मिळतो तो परवाना तुम्हाला चार गोष्टी देतो: वापरा, आतून वाचा, बदला, इतरांना द्या. यात ना फी, ना जातीचा दाखला. ठराव कधीच मंजूर झालेला आहे. प्रश्न एवढाच, की आपल्यापैकी तळ्यापर्यंत कोण गेलं?

आणि तुलना कुठे थांबते तेही नोंदवते. महाडला पाणी घेतल्यावर माणसांची डोकी फुटली. इथे लाल अक्षरांत एरर येते. म्हणून तर न जाण्याला सबब कमी.

कृती सांगते. कमांड टाइप करायच्या त्या रोमन अक्षरांतच, इथे फक्त उच्चार लिहिते. ग्नूच्या अधिकृत साइटवरून बॅशचा सोर्स डाउनलोड करा. ५.२ या आवृत्तीची दाबलेली फाइल दहा-अकरा एमबीची आहे, मोबाइलच्या डेटावरही येते. तिच्यासोबत सहीची छोटी फाइल असते. ‘जीपीजी’ने ती ताडून घ्या, वाटेत कोणी भेसळ केली नाही याची खात्री होते. दाखल्यावरचा शिक्का तपासल्याशिवाय आपण कागद घेत नाही, तसंच हे. मग ‘टार’ने फाइल सोडवा आणि त्या फोल्डरात जाऊन ‘कॉन्फिगर’ चालवा. हा टप्पा मला आवडतो. यंत्र स्वतःलाच शंभर प्रश्न विचारतं: कंपायलर आहे का, अमुक लायब्ररी आहे का, हा प्रकार चालतो का. पडद्यावर ‘येस’ आणि ‘नो’ची रांग लागते, सर्वेक्षणाच्या फॉर्मसारखी. होम फोल्डरात बसवायचं असेल तर इथेच ‘प्रीफिक्स’ या पर्यायापुढे तो पत्ता द्यायचा. कंपायलर नसेल तर काम इथेच अडतं. डेबियन किंवा उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज घालावं लागतं, त्याला मात्र ॲडमिन लागतो.

त्यानंतर ‘मेक’. माणसाला वाचता येणारा सी भाषेतला मजकूर यंत्राला कळणाऱ्या भाषेत उतरू लागतो. जुन्या यंत्रावर काही मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. मग ‘मेक टेस्ट्स’ने तपासणी, आणि शेवटी ‘मेक इन्स्टॉल’. घाईत तपासणी गाळणारे खूप असतात, तुम्ही गाळू नका. नंतर आपल्या ‘पाथ’मध्ये नव्या जागेचं नाव आधी लिहायचं आणि आवृत्ती विचारून बघायची. जुना शेल काढू नका, त्याच्यावर सिस्टिमची कितीतरी कामं अवलंबून असतात. लॉगिनचाच शेल बदलायचा असेल तर नव्याचा पत्ता आधी ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘शेल्स’ या फाइलीत नोंदवायचा, मगच ‘सीएचएसएच’. आणि हे करताना एक टर्मिनल उघडं ठेवायचं, बिघडलं तर परत यायला वाट असते.

शिकायला दूर जावं लागत नाही. पवईच्या आयआयटीतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठीत फुकट देतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांच्यासारख्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह अनेक वर्षं धरला. रमाबाई नगरातून पवई आणि मानखुर्द दोन्ही जवळ. अंतर किलोमीटरचं नाही, हे समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने वेगळं सांगायला नको. बूर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते घाटकोपर स्टेशनाबाहेर रिक्षात बसून मिळत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खरा वाटतो: ‘ताई, कोड शिकून जात जाते का?’ नाही जात. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. तक्रार करणारा दलित अभियंता आणि ज्याच्यावर आरोप झाला तो वरिष्ठ, दोघेही आयआयटी मुंबईचे. आरोप असा की या वरिष्ठाने सहकाऱ्यांना त्याची जात सांगितली. पुढे २०२३ मध्ये व्यक्तींवरचे आरोप मागे घेतले गेले, कंपनीवरचा खटला चालू राहिला. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला पवईच्या आवारात दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गेला. कंपायलर आडनाव विचारत नाही, पण कंपायलरच्या शेजारी बसलेला विचारतो. तंत्रज्ञान तटस्थ असतं हे गोड वाक्य आपण कोणाकडून ऐकून घेऊ नये.

मग शिकायचं कशाला? बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिलं की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. आज संगणकासमोर बसलेल्यांकडे बघा. नोकरीच्या फॉर्मवर प्रमाणपत्र लागतं म्हणून आपली मुलं टायपिंग आणि ऑफिसचे कोर्स करतात, डेटा एंट्रीला लागतात, महिना काढतात. त्यात कमीपणा काही नाही, त्यावर घरं चालतात. पण एकाने यादी भरायची आणि दुसऱ्याने यादीवर कमांड चालवायची, ही वाटणी ओळखीची वाटते ना? सोर्सकोडपासून एकदा काही बांधलं की डोक्यातून एक गोष्ट कायमची जाते: यंत्राच्या आत काय असतं ते ‘त्यांनाच’ कळतं, ही. जात त्याने जाणार नाही. एजंटचा एक धंदा जाईल. मला सध्या तेवढंही हवं आहे.

एक काम राहिलंय. सोर्स सोडवलात की त्या फोल्डरात ‘पीओ’ नावाचा उपफोल्डर दिसेल. बॅशचे संदेश वेगवेगळ्या भाषांत करणाऱ्या फायली त्यात असतात. गॅलिशियन आहे, क्रोएशियन आहे, स्लोव्हेनियन आहे. ज्या भाषेला स्वतःचा देशच नाही ती एस्पेरांतोही आहे. ५.२ मध्ये मराठी नाही. तिच्या फाइलीचं नाव ठरलेलं आहे, ‘एमआर डॉट पीओ’, आणि ती लिहायला सी भाषा यावी लागत नाही, फक्त मराठी यावी लागते. अडचण एकच आहे: कोणाची मराठी? ‘कमांड नॉट फाउंड’ला ‘आज्ञा आढळली नाही’ लिहायचं, की ‘अशी कमांड सापडली नाही’? ‘आज्ञा’ मला खटकते. दोन्ही बाजूंनी सुचवा, आपण वाद घालू.