अमळनेरची ओळख शेअरपुरती नको

अमळनेरचं नाव निघालं की गप्पा हमखास विप्रोच्या शेअरवर येतात. 1945 साली इथे विप्रोचा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, गावकऱ्यांनी भाग घेतले आणि पुढे काही घरं कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे, पण गावाचा जीव तिच्या कितीतरी आधी प्रताप मिलमध्ये होता.

खानदेशचा कापूस आणि सुरत-भुसावळ रेल्वे यांच्या बळावर मिल उभी राहिली. मिलचे मालक प्रतापशेठांनी तिचा पैसा कशात घातला, तर 1916 साली चक्क तत्त्वज्ञानाच्या संस्थेत! कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत बंगालमधून येऊन तिचा संचालक झाला. एकीकडे साच्यांचा खडखडाट, दुसरीकडे शांकर वेदान्त. साने गुरुजीही 1924 ते 1930 अमळनेरच्याच शाळेत शिक्षक होते. छात्रालयही सांभाळायचे आणि ‘विद्यार्थी’ मासिकही चालवायचे.

मिलचा भोंगा केव्हाच थांबला. बोरी नदीकाठी संत सखाराम महाराजांचा रथ मात्र दर वैशाखात निघतो. 1952 नंतर थेट 2024 मध्ये साहित्य संमेलनही पुन्हा इथे भरलं.

या सगळ्यात शेठजींचं नाव राहिलं, गुरुजींचं राहिलं. पाळीला जाणारा, गैरहजर कामगाराच्या जागी बदलीचं काम मिळावं म्हणून मिलच्या फाटकाशी ताटकळणारा कामगार मात्र कुठे नाही. हे बरं नव्हे. कुणाच्या ट्रंकेत त्याचा पास असेल, पगाराची चिठ्ठी असेल, युनियनची पावती असेल. अमळनेरकरांनो, ती रद्दीत घालू नका. गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे नेऊन द्या.