तूर चालते, हापूस चालतो. मग कादंबरी का नाही?

नोव्हेंबर-डिसेंबरात नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या फळबाजारात मालावीचा हापूस उतरतो. कोकणातल्या हापूसच्या काड्या तिकडे नेऊन बागा वाढवल्या गेल्या, आणि आता आपल्या झाडांना मोहोर फुटण्याच्या सुमारास तिकडचे फळ इथे पेटीतून येते. शेजारच्या दाणाबाजारात मोझांबिकची तूर असते. 2016 च्या करारानंतर तर ती दोन सरकारांच्या सहीशिक्क्यानिशी येते. बाजारापलीकडे तुर्भे-पावण्याची औद्योगिक वसाहत. पावण्यात राहणाऱ्या, कारखान्यात खपणाऱ्या माणसाच्या ताटात आफ्रिका केव्हाच वाढलेली आहे. वाचनात मात्र ती नाही. मालावीचा एक कवी किंवा मोझांबिकची एक कादंबरीकार सांगा म्हटले, तर पावण्यातच काय, मराठीच्या जाणकार वर्तुळातही बहुतेक जण छताकडे पाहतील.

यात वाचकाला दोष देण्यात अर्थ नाही. जे कुणी सुचवलेच नाही, ते तो वाचणार कसे? दोष सुचवणाऱ्यांचा आहे: ग्रंथपालांचा, प्राध्यापकांचा, परीक्षणे लिहिणाऱ्यांचा, दिवाळीच्या सुमारास आवडत्या पुस्तकांच्या याद्या छापणाऱ्यांचा. त्यांची कारणे ठरलेली आहेत. ती एकेक तपासून पाहू.

पहिले कारण: तिकडचे सगळे साहित्य म्हणजे दुष्काळ, यादवी आणि उपासमार; दिवसभर राबून आलेल्या माणसाने ते का वाचावे? असे म्हणणाऱ्याने आफ्रिका बातम्यांत पाहिली आहे, पुस्तकात नाही. नायजेरियाच्या अमोस टुटुओला यांची ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ 1952 ची. एका अट्टल ताडीबाजाचा ताडी काढणारा झाडावरून पडून मरतो. दुसऱ्या कुणाच्या हातची ताडी त्याला रुचत नाही, म्हणून हा गडी त्याला परत आणायला थेट मेलेल्यांच्या गावी निघतो. मोझांबिकच्या पाउलिना शिझियाने यांच्या ‘नीकेत्चे’ या 2002 च्या कादंबरीत रामी नावाच्या बाईला कळते की, पोलीस अधिकारी असलेल्या आपल्या नवऱ्याने आणखी चार संसार थाटले आहेत. ती रडते, भांडते, आणि मग त्या चौघींना गाठून त्यांची मोट बांधते. त्यानंतर नवऱ्याची जी पंचाईत होते, ती वाचताना हसू आवरत नाही. पोर्तुगीज साहित्यातला मानाचा कामोइश पुरस्कार शिझियाने यांना 2021 मध्ये मिळाला. आणि जिथे दुःख आहे, तिथे ते आहेच. पण ‘बलुतं’ आणि ‘उचल्या’ उराशी धरणाऱ्या मराठी वाचकाला दुसऱ्याचे दुःख जड जाईल असे ठरवणारे आपण कोण?

दुसरे कारण जरा विद्वत्तेचा आव आणून येते: हे आपण केव्हाच वाचले आहे. दलित पँथरने 1972 मध्ये नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याची ओळख करून दिली. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ तर घराघरांत आहे. हे सगळे खरे, आणि मोलाचे. पण हे सगळे अमेरिकेचे आहे. कातडीचा रंग सारखा म्हणून अलाबामा आणि नैरोबी एका फळीवर ठेवता येत नाहीत. अमेरिकेतला कृष्णवर्णीय लेखक दुसऱ्यांच्या बहुसंख्येत राहून माणूसपण मागतो. केनियाचा, नायजेरियाचा लेखक स्वतःच्या देशात बहुसंख्य आहे; गोरा साहेब गेला, खुर्चीवर आपलाच माणूस बसला, तरी जमीन हातची का गेली, हा त्याचा प्रश्न आहे. तो आपल्या किती जवळचा आहे, याची खूण पावण्यात पटते.

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि ठाण्याची खाडी व पारसिकचे डोंगर यांच्यामधल्या आगरी-कोळी गावांची जमीन कारखान्यांकडे गेली. भातशेती गेली, गावठाण उरले. पुढे सिडकोचे भूसंपादन आले आणि जानेवारी 1984 मध्ये उरण भागात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. गोळ्या चालवणारे सरकार परके नव्हते. ज्यांच्या आजोबांच्या नावाने सातबारा होता, त्यांनी त्याच मातीवरच्या कंपनीच्या गेटवर पास दाखवून आत जायचे, हा अनुभव या पट्ट्याला नवा नाही.

आता केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांची 1964 ची ‘वीप नॉट, चाइल्ड’ उघडा. न्गोथो हा म्हातारा गोऱ्या मळेवाल्याकडे मजुरी करतो. जमीन मुळात त्याच्याच पूर्वजांची. ती कधीतरी परत मिळेल म्हणून तो तिथून हलत नाही, तिची निगा जिवापाड राखतो. त्यानंतर 1977 ची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ वाचा. इल्मोरोग हे आडबाजूचे गाव. दुष्काळ पडतो, गावकरी पायी राजधानीला जाऊन आपल्या खासदाराचे दार ठोठावतात. लोकांचे लक्ष वेधले जाते, विकास येतो, मोठा रस्ता येतो, बँका येतात. कर्जापायी शेतकऱ्यांच्या जमिनी जातात. गावच्या बाया समारंभासाठी गाळायच्या त्या थेंगेटा दारूचा कारखाना होतो आणि त्याचे मालक बाहेरचे धनिक. स्वातंत्र्यलढ्यात पाय गमावलेला अब्दुल्ला शेवटी रस्त्याकडेला संत्री विकतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना या कादंबरीची प्रस्तावना लागणार नाही. गिरणगावावर मराठीत बरेच लिहिले गेले. ज्या गावांच्या अंगावर कारखाने उभे राहिले, त्या गावांच्या बाजूने एवढ्या ऐसपैस पटावर लिहिलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. म्हणून म्हणतो, ‘पेटल्स ऑफ ब्लड’ पावण्याच्या वाचनालयात आधी हवी.

तिसरे कारण देशीपणाचे: आधी आपल्या मातीतले वाचा, परक्यांचे नंतर. हा मुद्दा मांडणाऱ्यांनी तरी न्गुगी टाळायला नको होता. इंग्रजीत नाव कमावलेल्या या लेखकाने 1977 मध्ये लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात, न्गुगी वा मिरी यांच्या साथीने, गिकुयू भाषेत नाटक लिहिले. नट होते शेतकरी, चहामळ्यातले मजूर आणि बाटाच्या बूट कारखान्यातले कामगार. उघड्यावरचे नाट्यगृह गावकऱ्यांनीच बांधले. सरकारने प्रयोग बंद पाडले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगींना उचलून तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी संडासच्या कागदावर गिकुयूतली कादंबरी लिहिली. लक्षात घ्या, तुरुंग इंग्रजी कादंबऱ्यांपायी नव्हता. आपल्या भाषेत आपल्या कामगारांशी बोलल्याबद्दल होता. कामगार नाट्यस्पर्धांची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला याहून जवळचा लेखक कुठला? मे 2025 मध्ये न्गुगी गेले. मातृभाषेसाठी गळा काढणाऱ्या आपल्या सभासंमेलनांत हे नाव कायमचे असायला हवे.

आणि ‘परके’ म्हणायचे तरी कुणाला? मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा; शहाजीराजे त्याच्या बाजूने भातवडीच्या लढाईत लढले ते 1624 मध्ये. गुलामांच्या जहाजावरून सोडवलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या शाळेत शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधमोहिमेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह समुद्रकाठापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहून ठेवली. म्हणजे आफ्रिकेचा एक लेखक चक्क नाशिकला अक्षरे गिरवून गेला. त्याचे नाव नाशिकमध्ये तरी कितीजण घेतात?

चौथा आक्षेप माझ्याच मांडणीवर येईल, आणि तो खरा आहे. मग काय, आपल्यासारखे दिसते तेवढेच वाचायचे? तसे केले तर आपण पुस्तकात स्वतःचाच फोटो शोधत बसू. साम्य हे आत शिरायचे निमित्त. आत गेल्यावर सेनेगलच्या मारियामा बा यांचे ‘सो लाँग अ लेटर’ भेटते. वैधव्याच्या एकांतवासात एक शिक्षिका मैत्रिणीला पत्र लिहिते. धर्म वेगळा, रीत वेगळी, आणि नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरे लग्न केल्याचा तिने लावलेला हिशेब आपल्या सवयीच्या सहानुभूतीत मावत नाही. मालावीचे जॅक मापांजे भेटतात. हुकूमशहा बांडाच्या राजवटीने या कवीला 1987 मध्ये पकडले आणि कुठलाही आरोप न ठेवता साडेतीन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवले. तिथे आपल्याला ओळखीचे काही सापडले नाही तरी वाचणे भागच आहे.

शेवटचे कारण व्यवहाराचे: हे सगळे मराठीत कुठे आहे? पुरेसे नाही, हे मान्य. पण मागणीच नसेल तर प्रकाशक अनुवाद कशासाठी करून घेईल? आणि तोवर हात बांधून बसायचेही कारण नाही. चिनुआ अचेबे यांची 1958 ची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ जेमतेम दोनशे पानांची, सोप्या आणि सरळ इंग्रजीतली आहे. बारावीच्या मुलीला ती झेपते. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांना दरवर्षी पुस्तके घ्यायचीच असतात. त्यांत अशी दोन-तीन बसवायला ठराव लागत नाही, सभासदाने चिठ्ठी दिली तरी पुरते.

सुचवायची रीत मात्र बदलायला हवी. ‘आफ्रिकन साहित्य वाचा’ ही शिफारस नव्हे. 54 देशांचा खंड एका वाक्यात उरकण्याची ती पळवाट आहे. ‘युरोपियन साहित्य वाचा’ असे कुणी म्हणत नाही, काफ्का वाचा म्हणतो. तसे एक नाव, एक पुस्तक आणि ते का, हे सांगा. जमीन गेलेल्याला न्गुगी द्या, दोन बायकांच्या दादल्याच्या घरात शिझियाने द्या, भाषेच्या भांडणात पडलेल्याला कामिरीथूची गोष्ट सांगा. माझी नावे पटत नसतील तर दुसरी आणा, मी भांडायला तयार आहे. अट एवढीच की भांडण वाचलेल्या पुस्तकावरून व्हावे.