सौर पंप आले, ड्रोन आले; दुरुस्त करणारे हात कुठून येणार?

दहावीचा निकाल लागला की गावात प्रवेशाची धावपळ सुरू होते. गुण चांगले असतील तर विज्ञान शाखा आणि नीट-सीईटीचा क्लास. बेताचे असतील तर कला शाखा आणि पुढे भरतीची तयारी. आयटीआयचे नाव बहुधा सर्वांत शेवटी निघते, आणि तेही ‘अभ्यासात डोके नाही, निदान हाताला काम तरी मिळेल’ अशा सुरात. शेतीपुरते पाहिले तर हा क्रम आता महाग पडू लागला आहे. अनुदानावर यंत्रे शिवारात भराभर पोहोचली. ती समजणारी माणसे त्या वेगाने तयार झाली नाहीत.

सौर पंपाचे उदाहरण घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरली की जमिनीच्या क्षेत्रानुसार ३, ५ किंवा ७.५ एचपीचा पंप मिळतो. सोबत पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते. पॅनेलचे आयुष्य मात्र साधारण २५ वर्षे धरतात. म्हणजे पहिली पाच वर्षे कंपनीची, पुढची वीस शेतकऱ्याची. कंट्रोलर बिघडला, केबलचे जोड सैल झाले, वादळात स्ट्रक्चर वाकले, तर बोलवायचे कोणाला? स्टार्टर बदलणारा, मोटर रिवाइंड करणारा मिस्त्री बाजाराच्या गावात सहज सापडतो. डीसी वायरिंग जाणणारा आणि कंट्रोलरवरचा एरर कोड वाचून दोष सांगणारा शोधावा लागतो. डाळिंबाच्या फुगवणीत किंवा हरभऱ्याचे घाटे भरताना पंप आठ दिवस बंद राहिला, तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा पिकाचे नुकसानच मोठे असते.

हिशेब सोपा आहे. २०२५ मध्ये बसवलेल्या पंपाची हमी २०३० मध्ये संपेल. २०२६ ला दहावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि वर्षभर शिकाऊ उमेदवारी केली, तर २०२९ मध्ये गावाला माणूस मिळतो. म्हणजे निर्णय याच एक-दोन हंगामांत व्हायला हवा. सोलर टेक्निशियन हा एक वर्षाचा ट्रेडही आहे, पण तो प्रत्येक संस्थेत नाही.

ड्रोनचेही तसेच. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदतीची तरतूद करण्यात आली आणि निवडलेल्या महिलेसाठी १५ दिवसांचे प्रशिक्षण ठेवण्यात आले. उडवण्यासाठी ते ठीक. पण पंख तुटणे, नोझल चोंदणे, पंप कमी दाबाने चालणे, बॅटरी लवकर उतरणे हे रोजचे प्रश्न पंधरा दिवसांत सुटत नाहीत. फवारणीचे दिवस मोजके असतात. त्यात ड्रोन सर्व्हिस सेंटरला पडून राहिला, तर गटाचा हंगाम गेला.

मग पालक मुलांना तिकडे का पाठवत नाहीत? त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांचे म्हणणे खोटे नाही. अनेक मुले आयटीआय करून एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागतात, पगार तुटपुंजा असतो. काही ठिकाणी वर्कशॉपमधली यंत्रे जुनी, निदेशकांच्या जागा रिकाम्या. आणि लग्नाच्या बाजारात ‘मिस्त्री’पेक्षा ‘पदवीधर’ भारी ठरतो, मग तो पदवीधर घरी बसलेला का असेना. हे सगळे तसेच ठेवून नुसते मार्गदर्शन मेळावे घेतल्याने फरक पडणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते वर्ष सरले. खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मुलाने हातात मल्टिमीटर धरल्याचे दृश्य अजूनही दुर्मीळच आहे.

ही वाट आपल्याकडे नवी नाही, हे विशेष. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शेती-पशुपालन, वेल्डिंग-बांधकाम, वीज-ऊर्जा आणि गृह-आरोग्य ही कामे एकाच मुलाला शिकवली जातात, आणि शिकताना गावाला लागणारी खरी कामे करून घेतली जातात. याच धर्तीवर ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय आठवी ते दहावीसाठी शाळांमध्ये गेला: आठवड्यातला एक दिवस हाताने काम. आमच्या मते खेड्यासाठी हाच नमुना जास्त योग्य आहे. कारखान्याला एका कामात तरबेज माणूस हवा असतो. गावात मात्र सकाळी ठिबकचा फिल्टर, दुपारी गोठ्याचे शेड आणि संध्याकाळी मोटर, असे मिळून एका घराचे पोट भरते.

अडचण आहे ती शिकाऊ उमेदवारीची. ॲप्रेंटिस नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. गावातल्या दोन माणसांच्या ट्रॅक्टर गॅरेजला या व्यवस्थेत जागाच नाही, आणि शेतीची यंत्रे खरी शिकायला मिळतात ती तिथेच. साखर कारखाने, दूध संघ आणि मोठ्या शेतकरी उत्पादक कंपन्या ही पोकळी भरू शकतात. अवजार बँक चालवणाऱ्या कंपनीकडे रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र, ब्लोअर सगळे असते. हंगाम संपल्यावर त्यांची देखभाल शिकाऊ मुलांकडून करून घेतली, तर मुलगा शिकतो आणि पुढच्या हंगामात बेअरिंगसाठी धावाधाव होत नाही.

प्रवेशाआधी पालकांनी संस्थेत स्वतः जाऊन यावे. वर्कशॉप चालू स्थितीत आहे का, त्या ट्रेडला कायम निदेशक आहे का, गेल्या वर्षीची मुले कुठे लागली, हे विचारावे. खासगी संस्थेत ट्रेडची संलग्नता कागदावर पाहावी आणि शासकीय संस्थेच्या शुल्काशी तुलना करावी. शेतीशी थेट जुळणारे ट्रेड म्हणजे इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक. दोन वर्षांचा ट्रेड झाल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो, म्हणजे पुढचे शिक्षण बंद होत नाही. हे बऱ्याच पालकांना कोणी सांगितलेलेच नसते.

सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि कृषी विज्ञान केंद्रातील सहकाऱ्यांनी यात एक काम जरूर करावे. आपल्या गावांतील सौर पंप, ठिबक संच, ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्रांची संख्या एका कागदावर मांडून ती जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांकडे आणि हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडे द्यावी. यादीत दोनशे सौर पंप असतील आणि पंचक्रोशीत ते दुरुस्त करणारा एकही नसेल, तर पालकांच्या बैठकीत दुसरे फार काही बोलावे लागणार नाही.