‘रुसलाय’ म्हणण्याआधी

गेल्या श्रावणातली सकाळ. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बोक्याचा वाळूचा ट्रे साफ करता करता म्हणाल्या, “आज गोळेच नाहीत हो यात.” लघवीने त्या वाळूचे गोळे होतात, रोज दोन-तीन तरी निघतात. मी नुसतं ‘हं’ म्हटलं आणि कामाला लागले. दुपारी बोका ट्रेमध्ये जाऊन कुंथत बसला, बाहेर आला, पुन्हा गेला. पोट साफ होत नसेल, असं आम्ही ठरवून टाकलं आणि चमचाभर तूप चाटवलं. संध्याकाळी तो कपाटाखाली शिरला तो हाका मारूनही बाहेर येईना. “रुसलाय,” लेक म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मूत्राशय फुगून दगडासारखं टणक झालेलं. नर मांजराचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खड्यांनी, चिकट स्रावाने किंवा नुसत्या सुजेनेही तो बुजतो. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाइन चाललं. तो वाचला. पण मावशींच्या त्या वाक्यानंतर आम्ही घालवलेले वीस तास माझ्या मनातून जात नाहीत.

तेव्हापासून प्राणी पाळणाऱ्या घरांतली बोलणी मी कान देऊन ऐकते. आजाराची पहिली खूण दिसते, पण तिला आपण स्वभावाचं नाव देतो. रुसलाय. नखरे करतेय. शहाणी झालीय आता, पूर्वीसारखी धुडगूस घालत नाही. म्हातारा झालाय, जिना नको म्हणतो. जिना टाळणाऱ्या कुत्र्याचे बहुधा सांधे दुखत असतात आणि त्या दुखण्यावर औषध असतं, वय कितीही असो. मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. शिकारी असलं तरी ते स्वतःही मोठ्या जनावरांचं भक्ष्य आहे, अशक्त दिसणं त्याला परवडत नाही. म्हणून एरवी अंगावर उड्या मारणारं मांजर गप्प कोपरा धरतं, तेव्हा मला काळजी वाटते. दोन-तीन दिवस ते काहीच खात नसेल, तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहू शकतो. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे.

सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘उन्हाळा आहे, म्हणून पाणी जास्त पितेय’. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात होणारा पू, हे सगळे आधी पाण्याच्या भांड्यात दिसतात. कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत तहान वाढली, खाणं सुटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शंका वाटली तर पाणी मापून ठेवा. दहा किलोच्या कुत्र्याने दिवसाला लिटरभराहून जास्त पाणी पिणं ठीक नाही.

नाक कोरडं किंवा अंग गरम म्हणजे ताप, ही समजूतही सोडून द्यायला हवी. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच. त्यापेक्षा ओठ वर करून हिरड्या बघा. त्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसल्या तर थांबू नये. गोचीड काढून टाकली म्हणजे प्रश्न मिटला असं नसतं. गोचीड तापाची लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. सुस्ती, ताप, पोटावर बारीक लाल ठिपके, कधी नाकातून रक्त. वेळीच रक्त तपासलं तर बहुतेक कुत्री बरी होतात. आणि गाढ झोपेतला श्वास मोजायला तर पैसेही लागत नाहीत. मिनिटाला तीसच्या वर जात राहिला, तर हृदय किंवा फुप्फुस तपासायला हवं.

घरातली पॅरासिटामॉल मात्र प्राण्याला देऊ नका. मांजराला एक गोळी मारू शकते. तसंच कुत्र्याचा आवाज अचानक बदलला, जबडा लोंबू लागला, लाळ गळतेय आणि गिळता येत नाही, तर ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. लाळ लागलीच तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच लशीसाठी जा.

माझी खरी तक्रार दवाखान्यात कोण जातं याबद्दल आहे. भांडी घासणारं, ट्रे साफ करणारं, फिरायला नेणारं माणूस घरी राहतं आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेला माणूस डॉक्टरांसमोर “कालपासून असंय” एवढंच सांगतो. प्राण्याला बोलता येत नाही. त्याची हकिगत आजीला, मावशींना, फिरवणाऱ्या मुलाला ठाऊक असते. त्यांना बरोबर न्या, निदान तिथून फोन लावून त्यांच्याशी डॉक्टरांचं बोलणं करून द्या. वेगळं चालणं, खोकणं, कुंथणं मोबाइलवर टिपून न्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेलं जनावर ते करून दाखवत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात आता दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज एक आकडा लिहिला जातो. मावशी ट्रे साफ करून आत डोकावतात आणि मी पेन घेते. आज सकाळी तीन गोळे होते.